सात-दहाची फेरी: ओटा ते कढीपत्ता

आधी माफी मागतो. मी आजवर जे काही लिहिलं, ते परीक्षेचे पेपर आणि शिष्यवृत्तीचे अर्ज. अर्जात माणूस स्वतःबद्दल लिहितो आणि माझ्या तिथंही चुका निघतात. मग दुसऱ्या माणसाबद्दल लिहायला माझ्यासारख्याने बसावं का, हे मला खरंच कळत नाही. आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे विचारायलाही कोणी नाही. पण कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांनी भेटलेल्या माणसावर लिहायला सांगितलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला. वर्गातला मित्र म्हणाला, मोठ्या माणसावर लिही. मी दोन दिवस विचार केला. मोठी माणसं मला भेटलेली नाहीत. मला खैरनार नाना भेटले.

नानांची ओळख करून द्यायची तर त्यांच्या आवाजापासूनच करून द्यावी लागेल. सकाळी मी नाशिकमधल्या त्यांच्या घराच्या गच्चीवरच्या, भाड्याने घेतलेल्या खोलीत बुटाची नाडी बांधत असतो, तेवढ्यात खालच्या ओट्यावरून आवाज येतो, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. म्हसरूळहून कॉलेजकडे जाणारी सुरगाणा गाडी अजून जिन्यावरच उभी आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." हा आवाज चार घरं पलीकडे जातो. सुरगाणा म्हणजे मी. मी धावत खाली येतो, नाना घड्याळ बघतात आणि म्हणतात, "सहा मिनिटं लेट."

नाना एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं, गाड्या वेळेवर सोडायच्या, ड्रायव्हर आला नाही तर दुसरा शोधायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. नोकरी सुटली, पण आवाज सुटला नाही. त्यांना शिंक आली तरी आधी सूचना मिळाल्यासारखं वाटतं.

ओट्यावर एक काळा फळा आहे. त्यावर पांढऱ्या रंगाने तीन रकाने आखलेत: गाडी, सुटण्याची वेळ, शेरा. पहिल्या रकान्यात दूध, चहा, पेपर, आंघोळ, देवपूजा अशी सगळी दिवसाची वाहतूक. शेरा रोज खडूने लिहायचा. पेपरवाल्या पोराच्या नावापुढे "उशिरा" असं लिहिलेलं असतं. तो सायकलवरून न उतरता पेपर टाकतो आणि जाता जाता कोपराने शेरा पुसतो. नाना परत लिहितात. हे दोघं एकमेकांशी कधी बोललेले मी पाहिलेले नाहीत.

नाना माणसांना नावाने हाक मारत नाहीत, गावाने मारतात. दूधवाला दिंडोरी. भांडी घासायला येणाऱ्या मावशी हरसूल. मी खोली बघायला आलो तेव्हा त्यांनी नाव विचारलंच नाही, कुठून आलास एवढंच विचारलं. मी म्हणालो, सुरगाण्याच्या पुढे आमचा पाडा आहे. त्यांनी डोळे मिटले आणि नाशिकपासून आमच्या फाट्यापर्यंतचे सगळे थांबे क्रमाने म्हणून दाखवले. मग म्हणाले, "तुमची मुक्कामी गाडी अजून येते ना?" मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात येऊन तिथेच रात्रभर थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी एसटी. मी म्हणालो, येते. त्यांना एवढा आनंद झाला, जणू मी एखाद्या आजारी नातेवाइकाची खुशाली सांगितली होती. खोली मला लगेच मिळाली.

खाली नाना एकटेच. नानी चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा नितीन, सूनबाई आणि नात ओवी हे दोन वर्षांपूर्वीपर्यंत याच घरात होते. मग नितीनदादांची बदली बंगळुरूला झाली. सामान ट्रकमध्ये गेलं, पण एक वस्तू मागे राहिली, कारण तिकडच्या सोसायटीत पाळीव प्राणी चालत नव्हते. ती वस्तू म्हणजे ओवीचा पांढरा ससा.

ओवीने त्याचं नाव कॉटन ठेवलं होतं. नानांनी पहिल्याच दिवशी त्याचा कापूस केला. ओवीने फोनवर निषेध नोंदवला. नाना म्हणाले, "बाळा, आपल्या फळ्यावर सगळ्या पाट्या मराठीत असतात."

सशाबद्दल विचारलं की नाना तुसडेपणाने बोलत. म्हणत, आपल्याकडे नुसती ठेव आहे, दुसऱ्याची मालमत्ता आहे, सांभाळायची. पण मी एक गोष्ट हेरली होती. नाना मूळचे सटाण्याकडचे. आमच्याशी ते छापील मराठीत बोलत, माइकसमोर बोलल्यासारखे. तिकडची अहिराणी ते फक्त सशाशी बोलत, तीही हळू, कोणी ऐकत नाही अशा बेताने. मी एकदा जिन्यावरून ऐकलं. कोथिंबिरीची काडी पुढे धरून ते म्हणत होते, "खाय ना रे भाऊ. कोना वर रुसना शे तू?"

दर रविवारी अकरा वाजता ओवीचा व्हिडिओ कॉल येई. फळ्यावर ही एकच ओळ खडूने नव्हे, रंगाने लिहिलेली होती: "बंगळुरू, ११.००." त्या ओळीपुढे शेरा नव्हता. ती गाडी कधी लेट झालीच नव्हती.

मोबाइल धरायचं काम माझ्याकडे असे, कारण नानांनी धरला की ओवीला छताचा पंखा दिसे. नाना खाटेवर बसत, मांडीवर ससा, मागे आरशाचं लोखंडी कपाट. ओवी अकरा वर्षांची. ती सशाला विचारायची, कॉटन, जेवलास का, कान स्वच्छ केले का, मला विसरला नाहीस ना. सगळी उत्तरं नाना द्यायचे. मग शेवटी ती "बाय कॉटन, बाय आजोबा" म्हणायची आणि कॉल संपायचा.

आता मला माझी चूक सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुढे जात नाही.

राखीपौर्णिमेनंतरचा रविवार होता. अकराला दहा कमी होते. नानांनी आतून पुकारलं, "सुरगाणा, गाडी फलाटावर लाव." म्हणजे ससा पिंजऱ्यातून काढून आण. हे काम एरवी ते स्वतः करत, पण त्या दिवशी त्यांची दाढी अर्धी राहिली होती. मी ससा उचलला. आमच्याकडे डोंगरात ससा कशासाठी धरतात ते मी इथे लिहीत नाही, वाचकांनी समजून घ्यावं. पण धरतात ते मानेला, आणि मागचे पाय मोकळे लोंबत राहतात. मला तेवढीच पद्धत माहीत होती. पाळीव सशाच्या मागच्या पायांखाली हात द्यायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्याने जोरात लाथ झाडली, माझ्या हातातून निसटला आणि कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

नाना अर्ध्या फेसासकट बाहेर आले. सशाचा मागचा डावा पाय भलत्याच दिशेला वळला होता. नाना फक्त म्हणाले, "रिक्षा बघ."

रिक्षात त्यांच्या मांडीवर टॉवेलात ससा होता आणि गालावर साबण वाळत होता. बरोबर अकराला खिशातला फोन वाजला. नानांनी कॅमेरा बंद करून तो उचलला आणि म्हणाले, "ओवी बाळा, इकडे रेंज नाही. कापूस मजेत आहे. पुढच्या रविवारी." फोन ठेवल्यावर त्यांनी टॉवेलचं टोक सशाच्या कानांवर ओढलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खोटी घोषणा कधी केली नव्हती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

रविवारीही उघडा असलेला एक प्राण्यांचा दवाखाना सापडला. डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी हाडाचा फोटो काढला, पाय सरळ करून आधाराची खपाटी लावली, वर हिरवी पट्टी गुंडाळली. म्हणाल्या, पाच आठवडे लहान जागेत ठेवा, उड्या मारू देऊ नका. खाणं बंद होता कामा नये, ससा एक दिवस उपाशी राहिला तरी जिवावर बेतू शकतं. लेंड्यांवर लक्ष ठेवा. पट्टी काढल्यावर पाय बारीक झालेला असेल, मग व्यायाम सुरू करायचा. नाना सगळं वहीत उतरवून घेत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मॅडम, वर्कशॉपमधून गाडी रस्त्यावर कधी येईल?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, दिवाळीपर्यंत. पण तो पूर्वीसारखा पळेल याची खात्री मी देत नाही."

दिवाळीत ओवी येणार होती. त्यामुळे तारीख आपोआप ठरली.

मी घरी आल्यावर नानांना म्हणालो, ओवीला मी सांगतो, चूक माझी आहे. नाना म्हणाले, "अपघाताचा अहवाल कंट्रोलर लिहितो. तू अभ्यास कर." आणि सांगायचं नाही असं ठरलं. कारण विचारलं तर म्हणाले, लहान पोरीला कशाला त्रास.

पुढच्या रविवारपासून जे सुरू झालं त्याला मी काय नाव देऊ कळत नाही. अर्धा ससा दाखवायचा कार्यक्रम म्हणा. नाना मागचा भाग शालीत गुंडाळत, पुढचे दोन पाय, कान आणि तोंड तेवढं बाहेर. मला ताकीद होती की मोबाइल बोटभरही खाली जाऊ द्यायचा नाही. ओवी म्हणाली, शाल कशाला? नाना म्हणाले, थंडी. बाहेर पावसाने उघडीप दिली होती आणि ऊन तापलं होतं. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि डोक्यावर पंखा फुल्ल होता. ओवी म्हणाली, त्याला उडी मारायला सांगा ना. नाना म्हणाले, "आत्ता त्याची विश्रांतीची वेळ आहे. चालकाला आठ तासांची विश्रांती द्यावीच लागते, नियम आहे." ओवी पडद्याच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "बरं. द्या मग विश्रांती."

मला वाटलं, आपण वाचलो.

पण पहिल्या दिवसापासून ससा धड खाईना, कोथिंबिरीच्या चार काड्यांवर दिवस काढायचा. बाजारातलं गवत हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. नाना दर दोन तासांनी पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसत. फळ्यावर नवा रकाना आला: "लगेज." म्हणजे लेंड्या. पहिल्या दोन दिवसांत लगेज फार थोडं उतरलं आणि नानांनी स्वतःचंही जेवण अर्ध्यावर आणलं. मी माझ्या परीने काय करता येईल याचा विचार केला. माझी आई दर शनिवारी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी आणि चटणीचा डबा आमच्या भागातून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे देते, तो मी स्टँडवरून आणतो. आमच्याकडची बरीच मुलं असंच जेवतात. मी शेजारच्या गावातल्या मामाला फोन करून आईला निरोप दिला, बांधावरचं कोवळं गवत उन्हात सुकवून डब्याबरोबर पाठव. कशासाठी तेही सांगितलं.

शनिवारी भारा आला. तो आणायला नाना स्वतः स्टँडवर आले. कंडक्टरने भारा ड्रायव्हरच्या सीटमागून काढून दिला आणि आईचा निरोपही सांगितला. आईने विचारलं होतं, एवढी सेवा करून बरा झाला की मग खाणार आहेत का त्याला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना मात्र गंभीरपणे कंडक्टरला म्हणाले, "त्यांना सांगा, तसा प्रस्ताव सध्या विचाराधीन नाही."

आमच्या डोंगरातलं गवत कापसाने खाल्लं. आधी एक काडी, मग दुसरी, मग कुरकुर आवाज करत मूठभर. नाना त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "चाल, डिझेल चढलं." संध्याकाळी फळ्यावर लगेजपुढे लिहिलेलं होतं: "भरपूर." पेपरवाल्याने दुसऱ्या दिवशी सायकल थांबवून ते वाचलं आणि काही न पुसता गेला.

पाच आठवड्यांनी पट्टी निघाली. मांडीचं मांस गेलं होतं, नुसती केसाळ काडी. डॉक्टरबाईंनी व्यायाम दाखवले. सशाला कुशीवर घ्यायचं, पाय हळूच दुमडायचा, हळूच सरळ करायचा, ओढायचा नाही. मग पोटाखालून टॉवेलची झोळी घालून त्याला उभं करायचं, थोडं वजन पायावर येऊ द्यायचं. मग दोन पावलं. फरशीवर पाय घसरतो म्हणून खाली काहीतरी खरखरीत अंथरायचं. नानांनी विचारलं, किती फेऱ्या? डॉक्टरबाई म्हणाल्या, "दिवसातून तीन-चारदा, थोडा थोडा. आणि काका, तो बस नाहीये. थकला की थांबायचं."

"तेच विचारतोय," नाना म्हणाले, "थांबे कुठे द्यायचे?"

दुसऱ्या दिवशी फळा कोरा पुसलेला होता आणि त्यावर नवं वेळापत्रक होतं. पहिली फेरी सात-दहा. मार्ग: ओटा ते कढीपत्ता. ओट्यापासून अंगणातल्या कढीपत्त्याच्या झाडापर्यंत अंतर असेल दहा-बारा पावलं. नानांनी कांद्याची रिकामी पोती उसवून त्या मार्गावर अंथरली, कडेला विटा लावल्या आणि मधे तीन थांबे दिले. तुळस, नळ आणि कुंडी. प्रत्येक थांब्यावर कोथिंबिरीची एक काडी. टॉवेल सशाला टोचतो असं त्यांचं म्हणणं पडलं, म्हणून झोळीसाठी नानींची एक जुनी मऊ सुती साडी फाडली. फाडायच्या आधी त्यांनी ती दोनदा घडी घातली आणि दोनदा उलगडली.

हा प्रवास गल्लीने पाहिला आहे. पुढे ससा, त्याच्या पोटाखाली निळी साडी, साडीची दोन टोकं धरून कमरेत वाकलेले अडुसष्ट वर्षांचे नाना, आणि तोंडाने चालू, "गाडी तुळशीवर पोहोचत आहे. उतरणाऱ्यांनी घाई करू नये." दिंडोरी दुधाची किटली घेऊन फाटकाशी उभा राहायचा, कारण फेरी चालू असताना मार्ग ओलांडायला मनाई होती. हरसूल मावशी म्हणायच्या, माझा नवरा पडला होता तेव्हा त्याचीसुद्धा एवढी सेवा केली नाही मी. नाना म्हणायचे, तुमचा नवरा वेळापत्रक पाळत नसेल.

चौथ्या दिवशी नाना गुडघे टेकून पायाचा व्यायाम देत होते आणि त्यांना उठता येईना. मी हात द्यायला गेलो तर म्हणाले, थांब, सशाची फेरी पूर्ण होऊ दे, ब्रेकडाऊन गाडी नंतर ओढू. ससा दहा वेळा पाय दुमडून मोकळा झाला, कान खाजवून बसला. नानांना आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि दिंडोरीने, दोन्ही काखांत हात घालून उभं केलं.

पण तीन आठवडे झाले तरी ससा तो पाय टेकेना. उभा करायचा, झोळी सैल करायची, की तो पाय वर घेऊन तीन पायांवर. फळ्यावर रोज एकच शेरा: "तीन चाकांवर." दिवाळी दहा दिवसांवर आली होती. मी नानांकडे डॉक्टरबाईंच्या सूचना उतरवलेलं पान मागितलं, सगळे व्यायाम बरोबर होतात का बघायला. त्यांनी वही दिली. पानं उलटताना मला अपघाताचा अहवाल दिसला. त्यांच्या नोकरीतल्या पद्धतीने लिहिलेला. स्थळ: पुढची खोली. वेळ: १०.५२. कारण: फरशी अतिशय गुळगुळीत. खाली एक ओळ होती: "चालक नवीन परंतु निर्दोष. त्यास समज देण्याची आवश्यकता नाही, तो स्वतःच देत आहे."

मी वही मिटली आणि परत दिली. नानांनी त्यातलं व्यायामाचं पान काढून मला दाखवलं.

त्याच संध्याकाळी नितीनदादांचा फोन आला. सुट्टी मंजूर झाली नव्हती. दिवाळीला येणं जमणार नव्हतं. नाना म्हणाले, काही हरकत नाही, सांभाळून राहा. फोन ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसले. सहाची फेरी बाकी होती, तरी उठले नाहीत. मी साडी घेऊन उभा होतो. मला वाटलं, एका अर्थी बरंच झालं, तारीख टळली, आता अर्धा ससा दाखवूनही चालेल. मी तसं म्हणालोही.

नाना म्हणाले, "सुरगाणा, मी केबिनमध्ये बसून किती फेऱ्या बंद केल्यात माहितेय? प्रवासी नसले की वरून कागद येतो आणि फेरी बंद करायची. आधी रोजची गाडी आठवड्यातून एकदा करतात. मग तीही नाही. गावातली माणसं चार दिवस फाट्यावर येऊन उभी राहतात."

मी साडीची घडी घातली.

"रविवारचा फोन सशासाठी येतो रे," ते म्हणाले. "मी नुसता पुकारणारा. याला काही झालं, हा लंगडा झाला, तिचं मन उडालं, तर तिने कशासाठी करायचा फोन? आजोबा जेवलात का, हे विचारायला?"

हे ते छापील मराठीतच बोलले. मग खाली वाकले, कापसाला मागच्या पायांखाली हात देऊन नीट उचललं, पोत्यावर ठेवलं. सहाची फेरी सहा-चाळीसला सुटली. फळ्यावर त्यांनी स्वतःच्या नावापुढे लिहिलं: "उशिरा." साडीची टोकं धरून ते हळू आवाजात सशाला म्हणत होते, "टाक ना मना राजा. दुखस का रे? एकच पाय टाक."

त्या दिवशी त्याने पाय टाकला असं लिहायला मला आवडलं असतं. नाही टाकला.

दिवाळीची सुट्टी लागली. घरी भातकापणी होती, मला जाणं भाग होतं. नाना मला सोडायला स्टँडवर आले. फलाट कुठला हे मला माहीत होतं, तरी आले. गाडी लागल्यावर कंडक्टरशी चार शब्द बोलले. दिवाळी असल्यामुळे सगळीकडे जादा गाड्या सोडत होते, माइकवर त्यांचीच घोषणा चालली होती. नाना माझ्या खिडकीखाली उभे राहून कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "वर्षभर कोणी विचारत नाही त्या गावालासुद्धा आज जादा गाडी आहे." मग घड्याळ बघितलं आणि ड्रायव्हरला हाताने निघायची खूण केली. ड्रायव्हर खरंच निघाला.

आमच्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही. दिवसभर भात कापायचं, संध्याकाळी मुक्कामी गाडी आली की फाट्यावर उभं राहायचं. मी का उभा राहतो हे आई विचारायची. मी म्हणायचो, असंच. मला रोज सकाळी सात-दहाला अंगणातली पोती आठवायची. दिवाळी झाली, भाऊबीज झाली. गाडी यायची, माणसं उतरायची, कंडक्टर गाडीला कुलूप लावून शाळेच्या ओसरीत झोपायला जायचा.

भाऊबीजेनंतरच्या शुक्रवारी कंडक्टर पायरीवरूनच ओरडला, "काशिनाथ भोये कोण आहे इथं?"

मी पुढे झालो. नानांना माझं नाव माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. कंडक्टरने खिशातून तिकिटाच्या मशीनचा लांब कागद काढला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नानांचं अक्षर होतं. म्हणाला, नाशिक स्टँडवर एक म्हातारे केबिनजवळ उभे होते, म्हणाले हातात द्या, दुसऱ्या कोणाकडे देऊ नका.

मी गाडीच्या उजेडात वाचलं.

"सोमवार. मार्ग: ओटा ते कढीपत्ता. सुटली ७.१०. नळाजवळ मांजर आडवं गेलं. गाडी चारही चाकांवर कढीपत्त्यापर्यंत विनाथांबा. साडी माझ्या हातातच राहिली. तुझ्या आईस गवताबद्दल कळवावे."

आई माझ्यामागून येऊन उभी राहिली होती. तिने विचारलं, काय रं, खाल्ला का त्यांनी शेवटी? मी म्हणालो, नाही आई, पळाला. ती म्हणाली, पळाला तं बरा झाला, आणि घराकडे वळली. कागद अजून संपला नव्हता. मी तो पुढे उलगडला.

"बुधवार. संध्याकाळी साडेपाचला ओवीचा फोन. फळ्यावर नोंद नसलेला. मी म्हणालो, कापूस झोपलाय, थांब, उठवतो. ती म्हणाली, झोपू दे, मी तुमच्याशी बोलायला केलाय. शाल मागून उघडी राहिली होती, हिरवी पट्टी तिला पहिल्याच रविवारी कपाटाच्या आरशात दिसली होती. तुम्ही शाल घेऊन इतके घामेघूम झाला होतात, म्हणून नाही बोलले, म्हणाली. मग विचारलं, आजोबा, जेवलात का. साडेपाच ही जेवायची वेळ नाही, तरी हो म्हटलं. चाळीस मिनिटं.

शेरा: जादा गाडी. प्रवासी एक."